झाकली मूठ आणि उघडे दार

आपल्या मराठी घरांत एक म्हण पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे : झाकली मूठ सव्वा लाखाची. घरातील उणे चव्हाट्यावर मांडू नये, चार लोकांत आपली शोभा करून घेऊ नये, असे शहाणपण तीत आहे आणि व्यवहारात ते पुष्कळदा उपयोगीही पडते. परंतु प्रत्येक म्हणीला तिची हद्द असते. घरात कोणास विषमज्वर झाला तर आपण मूठ झाकून बसत नाही. डॉक्टरांकडे जातो, शेजारच्या काकू पेज घेऊन येतात, शाळेत रजेचा अर्ज जातो आणि त्या अर्जात आजाराचे नाव लिहिताना कोणास संकोच वाटत नाही. त्याच घरातील सोळा वर्षांची मुलगी महिना-दोन महिने धड जेवत नाही, झोपत नाही, जिवाला कंटाळल्यासारखे बोलते, तेव्हा मात्र मूठ घट्ट मिटते. "वयच तसे आहे, होईल ठीक". "अभ्यास नको म्हणून ढोंग आहे". आणि सर्वांत शेवटी, दबक्या आवाजात, "बाहेर कोठे बोलू नकोस".

ह्या मिटलेल्या मुठीविषयी चार शब्द लिहावेत, असे पुष्कळ दिवस मनात होते. विषय अप्रिय आहे. वार्षिक अंकाच्या पानांतून स्नेहसंमेलनाची वर्णने, सहलींचे वृत्तान्त आणि यशस्वी विद्यार्थ्यांची छायाचित्रे शोभतात; त्यांत आत्महत्येचा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु ज्या वयाच्या वाचकांसाठी हा अंक निघतो, त्याच वयावर हे संकट आले आहे. तेव्हा त्याविषयी मौन धरणे सभ्यपणाचे असले तरी शहाणपणाचे नव्हे.

प्रथम संकटाचे मान पाहू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली भारतात १,७०,९२४ माणसांनी आपले जीवन संपविले. त्यांपैकी १३,०४४ विद्यार्थी होते. म्हणजे दररोज सरासरी पस्तीस. राज्यवार पाहता विद्यार्थ्यांची सर्वांत मोठी संख्या महाराष्ट्रातील होती : १,७६४. जे राज्य आपण आपले माहेर मानतो, ज्याच्या शिक्षणपरंपरेचा आपणांस अभिमान आहे, तेथील ही गोष्ट आहे. "आमच्याकडे असले काही नसते" असे म्हणण्याचा अधिकार ह्या एका आकड्याने आपल्या हातून काढून घेतला आहे.

परंतु प्रस्तुत लेखाचा मुद्दा एवढाच नाही. दुःखाला जात नसते, दुःख मुलगा-मुलगी पाहत नाही, असे आपण म्हणतो आणि ते खरे आहे. परंतु दुःखापासून मदतीपर्यंत जी वाट जाते, ती सर्वांना सारखी नाही. कोणास ती अंगणातून जाते, कोणास रानातून. कोणाच्या वाटेवर घरची लाज आडवी पडलेली असते, कोणाच्या वाटेवर जात, कोणाच्या वाटेवर भाषा आणि पैसा. ही विषमता दिसल्यावाचून उपाय सुचणार नाही.

मुलगा आणि मुलगी ह्यांचीच गोष्ट घ्या. वर सांगितलेल्या एकूण मृत्यूंत स्त्रिया ४८,१७२ होत्या, म्हणजे शेकडा अठ्ठावीस. ह्यावरून वाटेल की हे संकट मुख्यतः पुरुषांचे. पण विद्यार्थ्यांची गणना निराळी काढली तर मुलगे शेकडा ५३ आणि मुली उरलेल्या ४७. प्रौढ वयातील अंतर ह्या वयात जवळजवळ मिटून जाते. दुसरा आकडा ह्याहून बोलका आहे. 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ' ह्या वैद्यकीय नियतकालिकात २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २०१६ साली जगात जितक्या स्त्रियांनी आत्महत्या केली, त्यांपैकी शेकडा सुमारे ३७ भारतातील होत्या. जगातील स्त्रियांत भारतीय स्त्रियांचे प्रमाण पाचांत एकसुद्धा नाही. ह्या भारतीय स्त्रियांपैकी शेकडा ७१ जणी १५ ते ३९ ह्या वयातील होत्या. ज्या वयात मुलीचे शिक्षण थांबवावे की चालू ठेवावे, तिचे लग्न कोठे करावे, तिने नोकरी करावी की नाही, हे सारे निर्णय तिच्यासाठी दुसरेच कोणी घेत असतात, तेच हे वय होय.

मुलीच्या वाटेवर आडवे काय येते, हे कोणत्याही घरातील आईला विचारावे. मनाच्या डॉक्टरांकडे नेले हे कळले तर उद्या स्थळ येईल काय, हा पहिला प्रश्न. एकटीने दवाखान्यात जायचे नाही; बरोबर येणार तो भाऊ किंवा वडील, आणि कदाचित ज्याच्याविषयी बोलायचे आहे तोही घरातलाच कोणी. मग ती बोलणार कोणापाशी? मुलाची अडचण उलट प्रकारची. त्याला घराबाहेर जाण्यास कोणी अडवीत नाही. त्याला अडविते ते लहानपणापासून कानी पडलेले एक वाक्य : "बायकांसारखा रडतोस काय?" मुलगी बोलू इच्छिते आणि तिला बोलू दिले जात नाही, मुलाला बोलण्याची मुभा असून त्याचे ओठ शिवलेले असतात. तेव्हा दोघांना एकच उपाय लागू पडेल, ही कल्पना चुकीची आहे.

आता जातीच्या प्रश्नाकडे वळू. ह्या प्रश्नाचे दोन दुःखद दाखले आपल्या अगदी जवळचे आहेत. एक ह्याच शहरातला आणि एक महाराष्ट्रातला. हैदराबाद विद्यापीठातील संशोधक विद्यार्थी रोहित वेमुला ह्याचा १७ जानेवारी २०१६ रोजी अंत झाला. त्याच्यासह पाच संशोधक विद्यार्थ्यांवर शिस्तभंगाची कारवाई होऊन त्यांना वसतिगृहाबाहेर काढण्यात आले होते. पुढे त्याच्या जातीविषयीही वाद माजला. २०२४ साली पोलिसांनी तपास बंद करण्याचा अहवाल दिला आणि त्याविरुद्ध आवाज उठल्यावर पुढील तपास करण्याचे जाहीर केले. दुसरा दाखला डॉ. पायल तडवी हिचा. जळगावकडील तडवी भिल्ल ह्या आदिवासी समाजातील ही मुलगी मुंबईच्या नायर रुग्णालयाशी संलग्न वैद्यकीय महाविद्यालयात स्त्रीरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत होती. २२ मे २०१९ रोजी तिचा मृत्यू झाला. वरिष्ठ विद्यार्थिनींनी जातीवरून छळ केला असा तिच्या घरच्यांचा आरोप असून त्यावरून तिघींवर गुन्हा नोंदविला गेला. न्यायालयाचे काम न्यायालयाने करावे. दोषी कोण हे ठरविणे ह्या लेखाचे काम नव्हे. वैद्यकशास्त्रही सांगते की असा मृत्यू सहसा एकाच कारणाने घडत नाही. परंतु एक गोष्ट नोंदविल्यावाचून पुढे जाता येत नाही. २०१९ साली राधिका वेमुला आणि आबेदा तडवी ह्या दोन माता एकत्र सर्वोच्च न्यायालयात गेल्या. एक तेलुगू बोलणारी, एक जळगावची. उच्च शिक्षणसंस्थांतील जातिभेदाला आळा घालणारी यंत्रणा खरोखर चालावी, एवढेच त्यांचे मागणे होते. आपले मूल परत येणार नाही हे दोघींना ठाऊक होते. त्या गेल्या त्या दुसऱ्यांच्या मुलांसाठी.

ह्या विषयात आकड्यांचा उपयोग जपून करावा लागतो. डिसेंबर २०२१ मध्ये शिक्षणमंत्र्यांनी लोकसभेत सांगितले की २०१४ ते २०२१ ह्या काळात केंद्रीय विद्यापीठे आणि केंद्र सरकारच्या इतर उच्च शिक्षणसंस्था ह्यांतील १२२ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यांपैकी २४ अनुसूचित जातींचे, ३ अनुसूचित जमातींचे आणि ४१ इतर मागासवर्गांचे होते. ह्या संस्थांत जवळजवळ निम्म्या जागा ह्याच वर्गांसाठी राखीव आहेत. म्हणून केवळ ह्या संख्येवरून मोठा निष्कर्ष काढणे बरोबर होणार नाही. खरा प्रश्न संख्येच्या पलीकडचा आहे. ह्या मुलांनी अडचण सांगितली असती तर ती ऐकणारा कोण होता? प्राध्यापक सुखदेव थोरात ह्यांच्या समितीने २००७ साली दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेविषयी अहवाल दिला. दलित व आदिवासी विद्यार्थ्यांना शिक्षकांचे साहाय्य इतरांइतके मिळत नाही आणि वसतिगृहात त्यांना वेगळे पाडले जाते, असे त्यात नमूद आहे. ज्याने वेगळे पाडले, त्याच्याच दारात जाऊन "माझे मन बरे नाही" असे कोण म्हणेल? अशा विद्यार्थ्याला "मन खंबीर ठेव" हा उपदेश करणे म्हणजे पायात काटा रुतलेल्यास चालण्याचा सराव करावयास सांगणे होय. काटा आधी काढावयास हवा. समुपदेशन हवेच, परंतु ते न्यायाच्या जागी नव्हे, न्यायाच्या जोडीला हवे.

ही गोष्ट केवळ आपल्याच देशाची आहे असे नाही. अमेरिकेत कृष्णवर्णीय मुलांत आत्महत्येचे प्रमाण गोऱ्या मुलांहून कमी आहे, असा समज बरीच वर्षे होता. २०१८ साली तेथील संशोधकांनी वयाप्रमाणे निराळी गणना केली, तेव्हा १३ ते १७ ह्या वयात तो समज खरा ठरला. परंतु ५ ते १२ ह्या कोवळ्या वयात कृष्णवर्णीय मुलांतील प्रमाण गोऱ्या मुलांच्या जवळजवळ दुप्पट निघाले. सरासरीच्या पडद्याआड ही मुले दिसेनाशी झाली होती. "त्यांच्यात असे होत नाही" ह्या समजुतीमुळे त्यांना कोणी विचारले नाही, आणि कोणी विचारले नाही म्हणून ती समजूत टिकली. "आमच्यात असे होत नाही" ही आपल्या घरांतील समजूत ह्याच जातीची आहे.

तिसरा अडसर भाषेचा आणि पैशाचा, आणि तो मराठी माध्यमाच्या आपल्या मुलांना विशेष बोचणारा आहे. दहावीपर्यंत मराठीत शिकलेले मूल इंटरमीजिएटला जाते, तेव्हा वर्गात इंग्रजी, आवारात तेलुगू आणि रस्त्यावर दखनी, अशा तीन भाषांत ते एकदम जाऊन पडते. भौतिकशास्त्राचे प्रमेय माणूस परक्या भाषेत शिकू शकतो. परंतु रात्री दोन वाजता छातीत जे दाटून येते, ते सांगण्यास आईची भाषाच लागते. पैशाची गोष्ट त्याहून उघड आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असे आढळले की, मनाच्या निरनिराळ्या विकारांनी पीडित असलेल्यांपैकी शेकडा ७० ते ९२ जणांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. आपल्या देशात लाख लोकांमागे मनोविकारतज्ज्ञ एकसुद्धा पुरता येत नाही. सरकारी मनोरुग्णालय आपल्या शहरात एर्रागड्ड्याला आहे. परंतु 'एर्रागड्डा' हा शब्दच आपण थट्टेत शिवीसारखा वापरतो. ज्या दवाखान्याच्या नावाची आपण मुलांदेखत टवाळी केली, तेथे उद्या तेच मूल आपल्याबरोबर येईल, अशी अपेक्षा कशी करावी?

वाट सोपी केली की काय होते, ह्याचा एक धडा आपल्याच राज्याने घेतला आहे. मात्र फार मोठी किंमत देऊन. एप्रिल २०१९ मध्ये तेलंगणच्या इंटरमीजिएट परीक्षेचा निकाल लागला. तीन लाखांहून अधिक विद्यार्थी अनुत्तीर्ण झाले आणि गुणपत्रिकांत चुका असल्याचे उघडकीस आले. एका मुलीला तेलुगूत ९९ गुण असताना पत्रिकेवर शून्य आले होते. त्या काही दिवसांत वीसहून अधिक मुलांनी प्राण गमावले. त्यानंतर सरकारने सर्व अनुत्तीर्ण विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका, शुल्क न घेता आणि अर्जाची वाट न पाहता, पुन्हा तपासावयास लावल्या, आणि एक हजाराहून अधिक मुले उत्तीर्ण ठरली. ज्याच्या घरी पैसा आणि माहिती होती, त्याला फेरतपासणीचा अर्ज आधीही करता येत होता. दार उघडेच होते, असे कागदावर म्हणता आले असते. परंतु ते सर्वांसाठी खरोखर उघडले, ते शुल्काची कडी काढल्यावर.

येथे दोन आक्षेप येतील, त्यांचा विचार केला पाहिजे. पहिला आक्षेप वडीलधाऱ्यांचा : "आम्ही कंदिलाखाली शिकलो, मार खाल्ला, उपाशी राहिलो, आजची मुले फार नाजूक झाली." वडिलांचे कष्ट खरे आहेत आणि त्यांचा मान राखलाच पाहिजे. परंतु त्या पिढीत जी मुले मोडून पडली, त्यांची गणना कोणी ठेवली होती? विहिरीवर पाय घसरला, पोटाचे दुखणे होते, अशा शब्दांत ती मिटून टाकली गेली. जे तरले ते आज बोलत आहेत. जे तरले नाहीत त्यांची बाजू मांडावयास कोणी नाही. दुसरा आक्षेप अधिक काळजीचा : "अशा विषयावर मुलांशी बोलले तर नको तो विचार त्यांच्या डोक्यात शिरेल." जगभरातील वैद्यकीय अनुभव ह्याच्या उलट आहे. "तुला जगणे नकोसे वाटते का?" असे मायेने आणि सरळ विचारल्याने विचार पेरला जात नाही, एकट्याने वाहिलेले ओझे हलके होते. घातक असते ते वर्तमानपत्री वर्णन, मार्गाची चर्चा आणि गेलेल्याचा गौरव. ते टाळावे, विचारणे टाळू नये.

मग करावे काय? कायद्याने आपले काम बरेचसे केले आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने लिंग, जात, धर्म, वर्ग असा कोणताही भेद न करता मानसिक उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकास दिला. ज्याने स्वतःचा जीव घेण्याचा प्रयत्न केला, तो तीव्र ताणाखाली होता असे मानून शिक्षेऐवजी शुश्रूषा करावी, हे तत्त्व त्याच कायद्यात आहे. आणि २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, विशाखापट्टणम येथे शिकणाऱ्या सतरा वर्षांच्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात, साऱ्या देशातील शिक्षणसंस्थांना निर्देश दिले. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असतील तेथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा. गुणांवरून मुलांच्या वेगळ्या तुकड्या पाडू नयेत. शिक्षकांना व इतर कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यावे. दुर्बल व वंचित गटांतील मुलांशी भेदभाव न करता वागण्याची तयारी त्यांच्या अंगी आणावी. मदतीचे दूरध्वनी क्रमांक ठळक लावावेत. हे निर्देश मोठ्या महाविद्यालयांइतकेच आपल्या मराठी शाळांनाही लागू आहेत.

परंतु एक खोली, एक खुर्ची आणि दारावर एक पाटी एवढ्याने काम होणार नाही, हेच ह्या लेखातून सांगावयाचे आहे. ती खोली मुख्याध्यापकांच्या कचेरीला लागून, सर्वांच्या डोळ्यांसमोर असेल तर तेथे कोणीही जाणार नाही. म्हणून प्रत्येक शाळेच्या चालकांना नम्रपणे चार प्रश्न विचारावेसे वाटतात. ह्या खोलीत मराठीत बोलता येईल काय? मुलीला हवी असल्यास तेथे बाई भेटतील काय? जातीवरून टोमणा खाल्लेल्या मुलाची तक्रार तेथून पुढे न्यायापर्यंत जाईल, की "दुर्लक्ष कर" असे सांगून त्यास परत पाठविले जाईल? आणि तेथे जाऊन आलेल्या मुलाचे नाव शिक्षकांच्या खोलीत चहाबरोबर चघळले जाणार नाही, ह्याची हमी कोण देईल? ह्या चार प्रश्नांची उत्तरे ज्या शाळेजवळ आहेत, तिनेच दार उघडे ठेवले असे म्हणावे. खर्चाची अडचण असेल तर दोन-तीन शाळांनी मिळून एक माणूस नेमावा, किंवा माजी विद्यार्थ्यांनी भार उचलावा. बक्षीस-समारंभासाठी आपण वर्गणी काढतोच.

पालकांना एवढीच विनंती की, निकालाच्या दिवशी प्रथम मुलाचा चेहरा पाहावा आणि नंतर गुणपत्रिका. पुरवणी परीक्षा दरवर्षी असते. मुलगी बोलू लागली तर तिचे बोलणे पुरे होऊ द्यावे. मुलगा रडू लागला तर त्यास रडू द्यावे.

आणि विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, शेवटचे बोलणे तुमच्याशी. मन फार जड झाले असेल तर ते दुर्गुणाचे किंवा दुबळेपणाचे लक्षण नव्हे; ते दुखणे आहे आणि त्यावर इलाज आहे. ज्याच्यावर तुमचा विश्वास आहे अशा एका मोठ्या माणसाला आजच सांगा. त्याने ऐकले नाही तर दुसऱ्याला सांगा. भारत सरकारची 'टेलिमानस' ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६. तो विनामूल्य आहे, रात्रंदिवस चालू असतो आणि मराठी व तेलुगू ह्या दोन्ही भाषांत तेथे बोलता येते. लहान मुलांच्या कोणत्याही संकटासाठी १०९८ आहे. मित्राने "मला जगावेसे वाटत नाही, पण कोणास सांगू नकोस" अशी शपथ घातली तर ती शपथ मोडा. त्याला एकटे सोडू नका आणि लगेच मोठ्यांना सांगा. मित्र चार दिवस रागावेल. रागावलेल्या मित्राची समजूत घालता येते.

मूठ झाकून सव्वा लाख राखता येत असतील. लेकरू राखता येत नाही. ती उघडावयाची आहे आणि त्याच हाताने, ज्यांच्यासाठी ती वाट सर्वांत लांब आहे, त्यांच्यासाठी दार आधी उघडावयाचे आहे.